फडफडीमागचा पीळ

पक्षी कसा उडतो असे विचारले, की आपण नकळत दोन्ही हात वर-खाली करून दाखवतो. पंखाने हवा खाली लोटायची, मग हवा पक्ष्याला वर उचलते, एवढेच आपल्या मनात असते. पण खाली आलेला पंख पुन्हा वर न्यावाच लागतो. तो तसाच सपाट वर नेला तर हवा वर लोटली जाईल आणि खालच्या फटक्यात मिळालेली उचल वरच्या फटक्यात निघून जाईल. पक्षी जागच्या जागी फडफडत राहील, उडणार मात्र नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की पंख हलत असताना त्याचा कोन केव्हा आणि किती बदलायचा. पक्ष्यांनी तो एका तऱ्हेने सोडवला, कीटकांनी दुसऱ्या. गेल्या दीडशे वर्षांतले या विषयावरचे काम शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर पंखाचा पीळ हाच त्याचा गाभा आहे, असे माझे मत आहे.

आधी दोन्ही पंखांतला मूळ फरक पाहू. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हात. दंडाचे एक हाड, कोपराखालची दोन हाडे, मनगट आणि आखडून जुळलेली तीन बोटे असा सगळा सांगाडा त्यात असतो. टोकाकडची लांब पिसे पंजाच्या हाडांवर बसतात आणि आतली पिसे कोपराखालच्या जाड हाडावर. खांदा, कोपर आणि मनगट असे तीन सांधे असल्यामुळे पक्षी उडता उडता पंख मिटू शकतो, ताणू शकतो, वळवू शकतो. कीटकाचा पंख मात्र हातही नव्हे आणि पायही नव्हे. वक्षाच्या बाजूने बाहेर आलेला तो पातळ कवचाचा पडदा असतो. त्यात शिरांचे जाळे असते, शिरांमधून द्रव वाहतो, पण स्नायू एकही नसतो. जे करायचे ते पंखाच्या मुळाशी, बिजागरीत. पक्षी पंखात हवा तिथे आकार बदलतो, तर कीटकाला सगळा पडदा एका टोकाला धरून नाचवावा लागतो.

पक्ष्याच्या छातीच्या हाडावर मधोमध एक उभा कणा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उड्डाणाचे स्नायू चिकटलेले असतात. अनेक पक्ष्यांत त्यांचे वजन एकूण शरीराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके भरते. वरचा मोठा स्नायू पंख खाली खेचतो. पंख वर नेणारा स्नायू पाठीवर असेल अशी आपली अपेक्षा असते, पण तोही छातीवरच, मोठ्या स्नायूच्या आत दडलेला असतो. त्याची कंडरा खांद्याजवळ तीन हाडांमधल्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने येऊन जुळते. विहिरीच्या कप्पीवरून दोर खाली ओढला की बादली वर येते, तसा हा स्नायू आखडला की पंख वर जातो.

इथवरची माहिती जुनी आहे आणि बहुतेक पुस्तके इथेच थांबतात. १९३६ साली एका जर्मन संशोधकाने कबुतरांत आणि कावळ्यांत ही कंडरा कापून पाहिली. आज असा प्रयोग कुणी सहजासहजी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण त्यातून दिसले ते महत्त्वाचे होते. कंडरा कापलेले पक्षी हवेत असताना उडत राहिले. त्यांना जमेना ते सपाट जमिनीवरून उडणे. म्हणजे पंख नुसता वर उचलणे हे या स्नायूचे मुख्य काम नसावे. वेगाने पुढे जाताना समोरून येणारी हवाच पंख वर न्यायला मदत करते. १९९७ मध्ये पूर, गॉसलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्नायूचे बल मोजले. तो दंडाचे हाड उचलतो त्याहून अधिक जोराने ते स्वतःच्या अक्षाभोवती फिरवतो, असे त्यांना आढळले. खालच्या फटक्याच्या शेवटी पंखाची पुढची कड खाली झुकलेली असते. ती झटक्यात वर वळवली नाही तर पुढचा फटका फुकट जातो. उड्डाणाची सुरुवात करताना, वेग नसताना, हा पीळ स्नायूच्या जोरावरच द्यावा लागतो. कंडरेविना पक्ष्याला जमिनीवरून उडता न येण्याचे कारण हे.

खालच्या फटक्यात पंख पूर्ण ताणलेला असतो, पण त्याची सगळी लांबी सारख्या कोनात नसते. अंगाजवळचा भाग जवळजवळ सपाट राहतो आणि मुख्यतः उचल देतो. टोकाकडचा भाग पुढे झुकतो आणि पक्ष्याला पुढे रेटतो. एकाच पंखात विमानाचा पंखही आहे आणि पंखाही. वरच्या फटक्यात मनगट आणि कोपर मिटून पंख आखूड होतो, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो.

पिसांची रचनाही याच कामाला जुंपलेली आहे. टोकाच्या पिसाचा दांडा मधोमध नसतो. पुढच्या बाजूला पात अरुंद, मागच्या बाजूला रुंद. हवेचा दाब आला की असे पीस आपोआप पिळले जाते, त्यासाठी वेगळा स्नायू लागत नाही. अंगठ्यावर दोन-चार पिसांचा छोटा झुपका असतो. पक्षी उतरताना वेग कमी करून पंख जास्त कलवतो तेव्हा पंखावरची हवा सुटण्याचा धोका असतो. त्या क्षणी हा झुपका उभा राहतो आणि हवेला पंखाशी धरून ठेवतो. विजेच्या तारेवर उतरणाऱ्या पारव्याकडे नीट पाहिले तर तो झुपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी खऱ्या कबुतराची ४० पिसे लावून एक उडते यंत्र बनवले. शेजारशेजारची पिसे पंख ताणताना एकमेकांपासून सुटत का नाहीत, याचे उत्तर त्यांना पिसांवरच्या सूक्ष्म आकड्यांत मिळाले: पंख उघडला की हे आकडे एकमेकांत अडकतात, मिटला की सुटतात.

या एकाच हत्याराने पक्षी किती वेगवेगळ्या रीतींनी उडतात, ते आपल्या माळांवर आणि घाटांत रोज पाहता येते. धोबी पक्षी थोडा वेळ पंख मारतो आणि मग पंख अंगाशी मिटून हवेत झेपावतो, म्हणून त्याची वाट लाटेसारखी दिसते. कापशी घार शेतावर एका जागी थांबून पंख मारत राहते. अंग हलते, पण डोळे उंदरावरून ढळत नाहीत. गव्हाणी घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात, वरचा पृष्ठभाग मखमली आणि मागची कड झालरीची असते. त्यामुळे हवेचा आवाज मोडतो आणि उंदराला घुबड येत असल्याचे कळत नाही.

घारी आणि गिधाडे हा वेगळाच वर्ग आहे. सकाळी ऊन तापून गरम हवा वर चढू लागेपर्यंत गिधाडे बसून राहतात. नंतर ती त्या हवेत गोल फिरत उंची गाठतात आणि एका झोतावरून दुसऱ्याकडे घरंगळत जातात. पंखाच्या टोकाची पिसे ती बोटांसारखी सुटी पसरवतात. प्रत्येक पीस स्वतंत्र छोट्या पंखासारखे वागते आणि टोकाशी तयार होणाऱ्या भोवऱ्यात वाया जाणारी शक्ती वाचते. किती वाचते, याचा अंदाज दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन काँडोरवरून येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार हा प्रचंड पक्षी उड्डाणाच्या वेळापैकी सुमारे १ टक्काच वेळ पंख मारतो, तोही मुख्यतः उडण्याच्या सुरुवातीला. एक काँडोर तर पाच तासांहून अधिक काळ पंख न मारता सुमारे १७२ किलोमीटर गेला. अशा पक्ष्याच्या बाबतीत फडफडीपेक्षा पंख कुठे, किती कलवायचा याचे ज्ञानच जास्त मोलाचे.

याच्या दुसऱ्या टोकाला हमिंगबर्ड. हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. आपल्याकडे जास्वंदीवर दिसणाऱ्या शिंजिराला आणि संध्याकाळी फुलांवर तरंगणाऱ्या हॉकमॉथ पतंगालाही लोक हमिंगबर्ड म्हणतात, ते बरोबर नाही. शिंजीर फुलासमोर क्षणभर तरंगतो खरा, पण शक्यतो देठावर बसूनच मध पितो. हमिंगबर्डचा खांदा इतका मोकळा असतो की तो पंख जवळजवळ आडवा, पुढे-मागे फिरवतो आणि मागे जाताना तो उलटा करतो, त्यामुळे दोन्ही फटक्यांत उचल मिळते. त्याचा पंख वर नेणारा स्नायू खाली खेचणाऱ्याच्या निम्मा असतो. इतर बहुतेक पक्ष्यांत तो त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. तरीही २००५ मधल्या मोजमापांत असे दिसले की हमिंगबर्डला सुमारे ७५ टक्के उचल खालच्या फटक्यात आणि २५ टक्केच वरच्या फटक्यात मिळते. तरंगणाऱ्या कीटकांत ही वाटणी जवळजवळ सारखी असते. हमिंगबर्ड कीटकाच्या रीतीपर्यंत पोहोचला, पण हाताची हाडे त्याला पूर्ण पोहोचू देत नाहीत.

कीटकांकडे वळताना आधी एका अफवेचा निकाल लावला पाहिजे. ‘विज्ञानाच्या हिशेबाने बंबलबी माशी उडूच शकत नाही, पण तिला हे माहीत नाही म्हणून ती उडते’ असे वाक्य प्रेरणादायी भाषणांत हमखास येते. त्याचे मूळ १९३४ च्या एका फ्रेंच पुस्तकात आहे. आंत्वान मान्यां यांनी कीटकांच्या उड्डाणावर लिहिताना आंद्रे सँत-लाग या गणितज्ञाच्या हिशेबाचा आधार घेतला. तो हिशेब स्थिर पंखाच्या विमानाचा होता. त्यातून एवढेच सिद्ध होत होते की माशी विमानासारखी उडत नाही. विज्ञान हरले, असा त्याचा अर्थ लावणे हा त्या शास्त्रज्ञांवरही अन्याय आहे आणि माशीवरही. तिच्या उडण्यात जी कारागिरी आहे तिच्याकडे मग कुणी पाहतच नाही.

ही कारागिरी पाहण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचा. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने गांधीलमाशीच्या पंखांच्या टोकांना सोन्याच्या वर्खाचे कण लावले आणि प्रकाशात ती टोके हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट काढतात हे दाखवले. १८८२ मध्ये त्याने बंदुकीसारखा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला १२ चित्रे टिपत असे आणि त्याने उडत्या पक्ष्यांची चित्रे घेतली. आठच्या आकड्याचा अर्थच असा, की पंख प्रत्येक फटक्याच्या शेवटी उलटतो. मारेला वाट दिसली होती, हवा दिसली नव्हती. हवेचे काय होते हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली.

१९७३ मध्ये केंब्रिजला काम करणारे डॅनिश शास्त्रज्ञ टोर्केल वाइस-फो यांनी एनकार्सिया या चिमुकल्या गांधीलमाशीचे निरीक्षण मांडले. ही माशी पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालते आणि सेकंदाला सुमारे ४०० वेळा पंख मारते. प्रत्येक फटक्याच्या शेवटी तिचे दोन्ही पंख पाठीवर टाळीसारखे मिटतात आणि पुढच्या क्षणी पुस्तक उघडावे तसे पुढच्या कडेकडून सुटतात. सुटताना मधल्या फटीत हवा वेगाने शिरते आणि दोन्ही पंखांभोवती लगेच अभिसरण सुरू होते. एरवी उचल तयार व्हायला जो वेळ जातो तो इथे वाचतो. इतक्या लहान जिवाला हवा आपल्याला वाटते त्यापेक्षा किती तरी दाट, चिकट वाटते. त्या आकाराला विमानाचे नियम लागूच पडत नाहीत.

पण सगळेच कीटक टाळी देत नाहीत. १९९६ मध्ये चार्ल्स एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी हॉकमॉथच्या दहापट मोठे फडफडणारे यंत्र बनवून त्यावर धूर सोडला. पंखाच्या पुढच्या कडेवर एक भोवरा तयार होतो आणि तो फटकाभर पंखाला चिकटून राहतो, असे त्या धुरात दिसले. विमानाचा पंख इतका कलवला तर वरची हवा सुटते आणि विमान कोसळते. पतंगाच्या पंखावर मात्र ती सुटू पाहणारी हवाच भोवरा बनून त्याला उचलते, आणि भोवरा पंखावरून सुटून जाण्याआधी पंख उलटलेला असतो. उत्तर पंखाच्या आकारात नव्हते, वेळेत होते.

१९९९ मध्ये बर्कलेला मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेहमन आणि संजय साने यांनी हे चित्र पुरे केले. त्यांनी फळमाशीच्या पंखाची मोठी प्रतिकृती खनिज तेलाच्या टाकीत बुडवली. दाट तेलात मोठा पंख सावकाश हलवला तर माशीच्या पंखाभोवतीच्या हवेची अवस्था जशीच्या तशी उभी करता येते, आणि बल क्षणाक्षणाला मोजता येते. मोजणीत उचलीची दोन जास्तीची शिखरे दिसली, दोन्ही फटका उलटण्याच्या वेळची. एक पंखाच्या गिरकीमुळे. दुसरे, आधीच्या फटक्यात ढवळलेल्या हवेला पंख पुन्हा भिडतो आणि तिच्यातली शक्ती परत घेतो त्यामुळे. पंख थोडा आधी उलटवला तर उचल वाढते, थोडा उशिरा उलटवला तर घटते. डाव्या-उजव्या पंखात एवढा फरक केला की माशी वळते. मला त्यांचा हा शोधनिबंध या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे उचल आणि सुकाणू या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

हा पंख चालवणारी मोटरही तितकीच नवलाची आहे. चतुरांत स्नायू थेट पंखाच्या मुळाला जोडलेले असतात आणि चारही पंख स्वतंत्रपणे चालवता येतात. म्हणून चतुर हवेत थांबतो, मागे सरतो, जागेवर वळतो. प्रयोगांत त्याच्या दहापैकी नऊहून अधिक झडपा यशस्वी झालेल्या आहेत. माश्या, मधमाश्या, भुंगेरे यांच्यात मात्र मुख्य स्नायू पंखाला शिवतही नाहीत. ते वक्षाच्या पेटीला जोडलेले असतात. एक जोडी पेटी दाबते, दुसरी लांबवते, आणि पेटीच्या त्या थरथरीने पंख हलतात. एक स्नायू ताणला गेला की तो ताणच त्याला आखडायला लावतो, त्यामुळे प्रत्येक फटक्याला मेंदूकडून वेगळा निरोप लागत नाही. फळमाशीचा मज्जातंतू सेकंदाला मोजकेच संदेश पाठवतो, पंख मात्र २०० वेळा फिरतो. बिजागरीत रेझिलिन नावाचे रबरासारखे प्रथिन असते; ते वाइस-फो यांनीच १९६० मध्ये शोधले. ताणलेली जवळजवळ सगळी शक्ती ते परत देते. फिनलंडचे ओलावी सोतावाल्ता यांचा कान इतका तयार होता की ते कीटकाच्या गुणगुणीवरून फटक्यांची संख्या सांगत. एका चिलटाचे फटके त्यांनी सेकंदाला हजारावर नोंदवले आणि त्याचे पंख कापून हलके केल्यावर ते दोन हजारांच्या पुढे गेले. मेंदूच्या आज्ञेने चालणाऱ्या स्नायूला हे शक्यच नाही.

डासाचा विचार वेगळा करायला हवा, कारण तो आपल्या घरातलाच आहे. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० फटके मारते आणि प्रत्येक फटक्यात पंख साधारण ९० अंश फिरवते. क्यूलेक्स डास सातशेच्या आसपास फटके मारतो, पण पंख जेमतेम ४० अंश फिरतो. एवढ्या आखूड फटक्यात पुढच्या कडेच्या भोवऱ्याला जम बसवायला वेळच मिळत नाही. २०१७ मध्ये रिचर्ड बॉमफ्री आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डास पंखाच्या मागच्या कडेवरचा भोवरा आणि पंख उलटतानाची गिरकी यांच्यावर जास्त विसंबतो. कानाशी येणारी ती बारीक गुणगुण याच आखूड फटक्यांची आहे, आणि ती नुसती गुणगुणही नाही. एडिस डासाची मादी साधारण ४०० फटक्यांच्या स्वरात गुणगुणते, नर ६०० च्या. जवळ आल्यावर दोघे आपापले फटके असे जुळवतात की त्यांच्या वरच्या स्वरांचा मेळ १२०० वर बसतो. २००९ मध्ये हे नोंदवले गेले. पंख इथे लग्नाचे वाद्यही झाला.

उडताना तोल कसा राखला जातो, या प्रश्नावर भारतातही मोलाचे काम झाले आहे. माश्यांचे मागचे दोन पंख झिजून गाठीच्या टोकाच्या दोन काड्या झाल्या आहेत. त्यांना संतोलक म्हणतात. ते काढले तर माशी कोसळते, हे विल्यम डेरहॅम यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते. १९४८ मध्ये जॉन प्रिंगल यांनी हे संतोलक जायरोस्कोपसारखे अंगाची गिरकी ओळखतात हे सिद्ध केले. पण पंख आणि संतोलक प्रत्येक फटक्यात बरोबर उलट्या दिशांना, एकाच लयीत कसे हलतात? संजय साने पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात आले. तिथे तन्वी देवरा, अमित कुमार सिंह आणि साने यांनी २०१५ मध्ये दाखवले की ही लय मज्जातंतूंची नाही. वक्षाच्या कवचातच एक कडा आहे, तिच्यामार्फत पंखाची हालचाल संतोलकाला पोहोचते. दुसरा एक दुवा डाव्या-उजव्या पंखांना जोडतो. दुवा कापला की मेळ तुटतो. पतंगांना संतोलक नसतात; त्यांच्या शृंगिका हे काम करतात. शृंगिकांचा पुढचा भाग काढला की हॉकमॉथ भेलकांडतो आणि तो पुन्हा चिकटवला की सावरतो, हे साने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले होते. बिजागरीच्या आतले तुकडे मात्र इतके बारीक आणि वेगवान आहेत की डिकिन्सन यांच्या गटाला २०२४ मध्ये स्नायूंच्या हालचालींवरून पंखाची चाल ओळखायला संगणकाला शिकवावे लागले. फळमाशीला प्रत्येक पंखासाठी दिशा देणारे फक्त १२ स्नायू आहेत. एवढ्यात ती सगळी कसरत करते.

पंख उडण्याखेरीजही बरेच काही करतात, आणि त्यातले एक काम आपल्या जेवणाशी जोडलेले आहे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातले परागकण नळीत बंद असतात आणि टोकाच्या बारीक भोकातूनच बाहेर पडतात. लाकूड पोखरणारा काळा भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख मिटलेलेच ठेवतो आणि उड्डाणाचे स्नायू जोरात थरथरवतो. त्या कंपनाने पराग सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. पण ती हेच स्नायू पंखांपासून सोडवून थरथरवते आणि पिलांचे कोठे ३४ ते ३६ अंशांवर उबदार ठेवते, आणि उकाड्यात पंखांनी वारा घालून तेच पोळे थंड करते. सह्याद्रीतला महाधनेश उडताना आगगाडीसारखा आवाज करतो, कारण त्याच्या मोठ्या पिसांची मुळे खालून झाकलेली नसतात आणि हवा त्यांच्यामधून घुसते. अकोला-वाशीमकडच्या गवतातला तणमोर विणीच्या काळात दिवसात शेकडो वेळा उंच उडी मारतो. नराच्या बाहेरच्या पिसांना खाचा असतात आणि उडीत त्यांचा खडखडाट होतो. मादीला बोलावण्याचा हा त्याचा मार्ग.

लांबच्या प्रवासात पंखाची परीक्षा वाऱ्यासमोर होते. अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. सायबेरिया-उत्तर चीनकडून तो नागालँडमार्गे येतो, नोव्हेंबरच्या सुमारास महाराष्ट्रावरून जातो आणि अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिका गाठतो. नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये त्यांची मोठी कत्तल झाली; गावकऱ्यांच्या साथीने ती थांबली आणि २०१३ मध्ये तिथून उपग्रहाला संदेश देणारी उपकरणे लावून सोडलेल्या पक्ष्यांनी ही वाट सिद्ध केली. त्याच दिवसांत त्याच समुद्रावर पँटाला नावाचा पिवळसर चतुर असतो, वजनाने ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला की बेटांवर गोडे पाणी जवळजवळ नसताना ऑक्टोबरपासून हे चतुर हजारोंनी येतात कुठून. २००९ मध्ये त्यांनी मांडले की ते भारतातून येतात आणि ईशान्येच्या वाऱ्यावर आफ्रिकेला जातात. पुढच्या पिढ्या परत येतात. या चतुराच्या मागच्या पंखाचे मूळ रुंद असते, त्यामुळे तो बराच वेळ नुसता तरंगू शकतो. समुद्रावरून जाणाऱ्या ससाण्यांना वाटेत हे चतुर खायला मिळत असावेत, हा तर्क मला पटतो. उजनी-जायकवाडीवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब याच्या उलट वागतो. तो हिमालय ओलांडताना वाऱ्यावर तरंगत नाही, सतत पंख मारतो. तो एव्हरेस्टवरून उडतो असे सांगितले जाते, पण उपकरणांनी नोंदवलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आहे आणि बहुतेक वेळ तो सहा हजार मीटरच्या खाली, डोंगराच्या चढ-उताराला धरून जातो. २०१५ मधल्या अभ्यासाने कारण दिले: विरळ हवेत पंखांचे फटके थोडे वाढवले तरी शरीराचा खर्च खूप वाढतो, म्हणून मिळवलेली उंची सोडून खाली येणे आणि पुन्हा चढणे त्याला परवडते.

पंखांच्या उगमाबद्दल थोडेच सांगतो. कीटकांचे पंख ३२ कोटी वर्षांहून जुने, पक्ष्यांचे सुमारे १५ कोटी वर्षांचे. कीटकाचा पंख पाठीच्या कवचातून आला की पायाच्या मुळाजवळच्या भागातून, हा वाद अजून मिटलेला नाही. पक्ष्यांच्या बाबतीत केन डायल यांचे २००३ चे काम मला सर्वांत उजवे वाटते: चकोराची पिल्ले उडता येण्याच्या आधीपासून अर्धे पंख हलवत उभ्या चढावर पळतात. अर्धवट पंखाचाही उपयोग असतो, हे त्यांनी डोळ्यांसमोर दाखवले.

माणसाने बनवलेली यंत्रे या सगळ्यात अजून मागेच आहेत. २०१३ मध्ये हार्वर्डचा रोबोबी ८० मिलिग्रॅम वजनाने तरंगला, पण वीज त्याला तारेतून पुरवावी लागली. शक्ती साठवून ठेवण्यात एका साध्या माशीची बरोबरी अजून कुणाला करता आलेली नाही.

आकार वाढला की पंखाचे गणित बिघडते. उडायला लागणारी शक्ती वजनापेक्षा वेगाने वाढते, स्नायूंची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. पंख मारून उडणाऱ्या पक्ष्यांची मर्यादा म्हणूनच पंधरा किलोंच्या आसपास येते. माळढोक त्याच काठावर जगतो. नराचे वजन बारा-पंधरा किलोंपर्यंत जाते. इतक्या जड पक्ष्याला हवेत झटकन वळता येत नाही, पंख पिळून अचानक बाजूला होता येत नाही. त्यातच आफ्रिकेतल्या त्याच्या नात्यातल्या पक्ष्यांवर २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की उडताना मान खाली करून जमीन न्याहाळली की त्यांना समोरचे दिसतच नाही. म्हणून माळावरून गेलेली विजेची तार त्याला ऐन वेळी चुकवता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात, १९७९ मध्ये ज्याच्यासाठी ते राखले तो माळढोक आता क्वचितच दिसतो. देशात उरलेले थोडे पक्षी बहुतांश राजस्थानात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. माळरानावर नव्या वीजवाहिनीचा प्रस्ताव येईल तेव्हा ती जमिनीखालून न्यावी, तेवढे शक्य नसेल तर तारांवर दुरून दिसतील अशा चकत्या लावाव्यात, अशी मागणी ग्रामसभेत आणि वनखात्याकडे लेखी करा. माळढोक असो वा तणमोर, त्यांचे पंख ही तार ओलांडू शकत नाहीत. तार हलवणे आपल्या हातात आहे.